माणशी साडेचारशे, पिणाऱ्यांचे वेगळे

पुण्याहून अजनीला जाणाऱ्या वंदे भारतचं तिकीट काढताना रेल्वे स्पष्ट विचारते : जेवण हवं की नको? हवं असेल तर पैसे आत्ताच मोजा. ना आग्रह, ना संकोच. बायको म्हणाली, “लग्नाच्या पत्रिकेत असं विचारलं तर?” मी म्हटलं, “निम्मी मंडळी ‘नको’ कळवतील आणि आहेर वाचवून डबा घेऊन येतील.”

अजनीच्या फलाटावर साडू उभे होते. आमचे साडू अस्सल नागपूरकर. पाहुण्याचा खिसा हा रुमाल ठेवण्यासाठी असतो, अशी त्यांची ठाम समजूत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खायला नेलं. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा. पहिला घास पोह्यांचा लागतो, दुसरा तर्रीचा, तिसऱ्यानंतर चव कळत नाही, फक्त कान गरम झालेले कळतात. डोळे पुसायला रुमाल काढताना मी हळूच पाकीटही काढलं.

“काऊन? काय काढून राहिले?” साडूंनी माझं मनगट धरलं.

“चाळीस रुपयांचा तर प्रश्न आहे हो.”

“पाहुणा पैसे देते का कुठी? ठेवा बरं ते.”

नुसत्या अंगठ्याच्या ठशावर पैसे देता येणारं भीम-आधार १४ एप्रिल २०१७ रोजी याच नागपुरात सुरू झालं. पण इथं सबंध हातच साडूंच्या ताब्यात असल्यामुळे विज्ञानाचा इलाज चालेना. मी डाव्या हातानं मोबाईल काढला, पाण्याचा पेला शोधण्याचं निमित्त करून ठेल्यावरचा कोड टिपला आणि पैसे धाडले. तेवढ्यात तव्यामागच्या डबीतली बाई खणखणीत आवाजात ओरडली, “चाळीस रुपये प्राप्त हुए!” चोर सापडला. साडूंनी ठेलेवाल्याला नवे चाळीस दिले, माझे चाळीस नोटांनी परत घेतले आणि माझ्या वरच्या खिशात कोंबले. ठेलेवाला निर्विकार होता. असे तंटे तो रोज पाहत असावा. समोरच्या रस्त्यानं पुढं झीरो माइलचा १९०७ सालचा खांब लागतो. बिल देण्याच्या बाबतीत मी मुक्कामभर तिथंच उभा होतो.

तसं नागपूरला पाहुण्यांचं ओझं नवं नाही. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारानं सरकारनं वर्षातून एकदा इथं अधिवेशनाला यायचं ठरलं. त्यामुळे हिवाळा आला की मंत्री येतात, फायली येतात, मोर्चे येतात, शेतांवर हुरड्याचे बेत रंगतात. बिल कोण देतं? तुम्ही, मी, साडू. ज्याच्या त्याच्या कुवतीनं. महाराष्ट्रातली सर्वांत मोठी काँट्री हीच. फक्त बोलावणं आपल्याला येत नाही.

अशा घरात शुक्रवारी बॉम्ब पडला. भाचा नोकरीला लागून वेगळा राहतो. त्याचा निरोप साडूंनी मोठ्यानं वाचला : “शनिवारी गच्चीवर सावजी मटण. सर्वांनी या. माणशी ४५०. पिणाऱ्यांचे वेगळे.” खाली पैसे भरायचा कोड.

साडूंचा चेहरा तर्रीसारखा झाला. “पोराच्या घरी जेवायचे पैसे? अन् ते पण लेखी?”

भाच्याला बोलावून घेतलं. तो शांतपणे म्हणाला, “बाबा, तुमचे नाहीत. मावशी-काकांचे पण नाहीत. बाकी आम्ही बारा जण आहोत. दर वेळी गच्ची माझी म्हणून मटण पण माझंच होऊन राहिलं. पगार सगळ्यांचा सारखाच आहे.”

“अन् पिणाऱ्यांचे वेगळे काऊन?”

“एक मित्र वर्ध्याचा आहे.”

एवढं उत्तर विदर्भात पुरतं. वर्धा जिल्ह्यात पन्नासेक वर्षांपासून दारूबंदी आहे. तिथला माणूस नागपूरच्या गच्चीवर बसला की सगळा अनुशेष एका रात्रीत भरून काढतो, आणि त्याचा भार सरबत पिणाऱ्यानं का सोसावा?

मी भाच्याची बाजू घेतली. १९२०च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन याच नागपुरात भरलं. तिथं मंजूर झालेल्या घटनेत सभासदाची वर्गणी ठरली चार आणे. देशकार्यालासुद्धा आकडा आधी सांगावा लागला, मग मटणाला सांगितला तर काय बिघडलं?

“चार आण्यात मटण नव्हतं ना,” साडू म्हणाले.

पण भाच्याचं वागणं मला तरी सभ्य वाटलं. पैसे मागण्यात असभ्यपणा नसतो, तो वेळ चुकण्यात असतो. त्याच्याच एका मित्रानं मागं सगळ्यांना आग्रहानं जेवू घातलं आणि सुपारी तोंडात असताना ‘माणशी ६००’ असा निरोप टाकला. ते जेवण नव्हे, वसुली. आकडा बोलावण्यातच लिहावा, म्हणजे ज्याला जड जाईल त्याला ‘शनिवारी जरा काम आहे’ म्हणायची वाट राहते. वडीलधारे त्यातून वगळावेत. कोणी किती फोडी घेतल्या हे मोजू नये. आणि यजमानानं त्यात नफा काढायचा असेल, तर सरळ भोजनालयाचा फलक लावावा.

साडू ‘मी येत नाही’ म्हणत सर्वांच्या आधी चपला घालून तयार होते. पाठीशी दोन किलो संत्रा बर्फी. तिची किंमत चौघांच्या जेवणाइतकी. ‘फुकट खाल्लं असं कोणी म्हणायला नको.’

सावजी म्हणजे मूळची हलबा कोष्टी विणकरांची पाककला. काळसर रस्सा, वर तेलाचा तवंग. पहिल्या भुरक्याला वर्ध्याचे मित्रसुद्धा पेला खाली ठेवून पाण्याकडे वळले. पैसे सगळ्यांचे आधीच जमा झालेले, त्यामुळे कोणी कोणाचं मनगट धरत नव्हतं. हात फक्त भाकरीकडे जात होते. इतकं निवांत जेवण मला त्या मुक्कामात मिळालं नव्हतं.

साडूंनी तिसऱ्यांदा रस्सा घेतला, नाक पुसलं, भाचा लांब आहे याची खात्री केली आणि माझ्या कानाशी लागले, “साडेचारशेत कसं परवडते ह्याला? मी असतो तर पाचशे सांगितले असते.”