आयत्या वेळचे भावोजी

व्हिसा हातात पडला त्या दिवसापासून भावोजींच्या लंडनवारीची तयारी सुरू होती. भाजणी दळून झाली, मेतकूट झालं. बॅग रोज रात्री काट्यावर चढायची आणि २३ किलोंच्या जरा खाली उतरली की ताई तिच्यात लोणच्याची आणखी एक पिशवी सारायची. राहिला तो फक्त अॅडॉप्टर. "लॅमिंग्टन रोडला पाव किमतीत मिळतो," असं भावोजी म्हणत, आणि म्हटल्यावर तो घेतल्यासारखे निश्चिंत होत. गेले मात्र नाहीत. अशी माणसं जात नाहीत. भाव ठाऊक असला की त्यांना पुरतं.

मुंबई विमानतळाच्या काउंटरवर पॉवर बँकेबद्दल विचारलं, तेव्हा भावोजी ठामपणे "नाही" म्हणाले. ताई नुसतं "अहो," म्हणाली. मग भर रांगेत बॅग उघडली आणि भाजणीच्या तळातून ती निघाली. "विमानाच्या पोटात बॅटरी पेटली तर विझवणार कोण? म्हणून ती हातातच हवी," हे भावोजींनी काउंटरवरच्या मुलीला समजावून सांगितलं. तिनेच त्यांना ते नुकतं सांगितलं होतं.

सुरक्षा तपासणीनंतर मात्र पावलं आपोआप त्या झगमगीत दुकानाकडे वळली. सोबतीला मी.

"काही कमी होईल?"

"सर, एमआरपी आहे."

"लॅमिंग्टन रोडला..."

"सर, मी तिथेच होतो आधी."

भावोजी क्षणभर गप्प झाले. मग प्रश्न सुरू केले. पोरगा सोशिक होता. इंग्लंडच्या प्लगला तीन चपट्या पिना, आत फ्यूज. दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, त्यामुळे नुसत्या पिना बदलल्या की भागतं. वीस हजार एमएएचची पॉवर बँक म्हणजे साधारण ७४ वॉट-तास, मर्यादा १०० ची, तेव्हा काळजी नको. भावोजी मान डोलवत होते. त्यांच्या मते हे सगळं त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं, पोरगा फक्त उजळणी घेत होता.

तेवढ्यात हेअर ड्रायर घेऊन टोकियोला निघालेल्या एक बाई आल्या आणि त्यांनी तोच अॅडॉप्टर उचलला.

"ताई, थांबा," भावोजी मध्ये पडले. "जपानात १०० व्होल्ट. अॅडॉप्टर पिना बदलतो, दाब नाही. तुमचा ड्रायर तिथे नुसती कोमट फुंकर घालेल. दोन्ही दाबांवर चालणारा घ्या."

बाईंनी पोऱ्याकडे पाहिलं. त्याने नाइलाजाने मान हलवली आणि मागच्या फळीवरून तसला ड्रायर काढला. बाईंनी तो घेतला, शिवाय अॅडॉप्टरही घेतला. आमच्या विमानाची घोषणा झाली, ताई लांबून हातवारे करू लागली. भावोजींनी खिशातून कार्ड काढलं, पण सोडलं नाही.

"गिऱ्हाईक मी पटवलं ना? मग आता तरी काहीतरी कमी कर!"