सजावट करता करता दिवाळी अंक वाचून संपवण्याची शास्त्रोक्त पद्धत

दिवाळी अंक आणि दिवाळीची आवराआवर एकाच पंधरवड्यात येतात, ही मराठी घरातली जुनी अडचण आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून परंपरा सुरू केली खरी, पण माळ्यावरची जळमटं कोण काढणार, हा प्रश्न त्यांनी वाचकांवरच सोडला. तो सुटावा म्हणून प्रस्तुत मार्गदर्शन.

पहिला नियम पाठ करावा: नुसता वाचत बसलेला माणूस दिवाळीच्या तोंडावर घरात कुणाला बघवत नाही. मांडीवर अंक दिसला रे दिसला की स्वयंपाकघरातून “अहो, बसलाच आहात तर तेवढा पंखा पुसून घ्या” असा आवाज येतो. (बसलेल्या माणसाचा हात पंख्याला कसा पोचावा, हे विचारू नये.) मात्र काम चालू असताना, कामाच्या मधल्या फटीत वाचणाऱ्याला कुणी काही बोलू शकत नाही. तेव्हा ज्यांत थांबावंच लागतं, अशी कामं चपळाईने आपल्याकडे ओढून घ्यावीत.

अशा कामांचा राजा म्हणजे घरी केलेला आकाशकंदील. “तयार मिळतो की कोपऱ्यावर” हा प्रस्ताव सुरुवातीलाच हाणून पाडावा. त्यासाठी पर्यावरण, मुलांवरचे संस्कार आणि चाळीतलं बालपण ही तिन्ही अस्त्रं एकदम सोडावीत; बालपण चाळीत गेलेलं नसलं तरी चालतं. मग बांबूच्या काड्या तासून दोऱ्याने सांगाडा बांधावा, मैद्याची खळ शिजवावी, पतंगाचा कागद ताणून एक बाजू चिकटवावी आणि घरभर ऐकू जाईल असं म्हणावं, “वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही!” इथे एक कथा वाचून होते. खळ जरा पातळ ठेवली तर दीर्घकथा. बाजू अनेक असतात, आणि त्या एकदम चिकटवल्या तर कागदाला सुरकुत्या पडतात, असं ठामपणे सांगावं. शेवटी झिरमिळ्या कापायच्या उरतात. त्या मुलांना द्याव्यात. संस्कारांचा मुद्दा आपण मांडलेलाच असतो.

पणत्यांचंही तसंच. कोऱ्या पणत्या पाण्यात भिजवल्या नाहीत तर तेल पितात, हे खरंच आहे. म्हणून बादलीशेजारी स्टूल टाकून बसावं. कुणी विचारलं तर “भिजतायत” एवढंच म्हणावं. बादलीकडे बघत बसलेल्या माणसाला दुसरं काम सांगायला लोक का कचरतात कोण जाणे, पण कचरतात. नंतर पणत्या वाळवायला पालथ्या घालाव्या लागतात, म्हणजे आणखी एक लेख.

मुलांचा किल्ला असेल तर त्यावर हळीव किंवा मोहरी आपण पेरावी. उगवायला चार-पाच दिवस लागतात आणि तोवर “कोंब फुटले का बघतो” म्हणून अंकासह गॅलरीत जाण्याची कायमची सोय होते.

रांगोळी आणि दिव्यांची माळ ही दोन कामं मात्र निषिद्ध. जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ आंधळी होते आणि तो एक शोधण्यात अख्खी कादंबरी बुडते. रांगोळीला दोन्ही हात आणि कंबर लागते. फार आग्रह झाला तर “ठिपके मी मोजून सांगतो” असं म्हणून खुर्ची धरावी.

आता वाचनाचा क्रम. भविष्य सर्वप्रथम, सगळ्या अंकांतलं. ज्यात आपली रास बरी आहे तोच ज्योतिषी खरा. व्यंगचित्रं दारावरची घंटा वाजते तेवढ्यात होतात. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या ‘आवाज’च्या प्रसिद्ध खिडक्या मात्र घरात वडीलधारी मंडळी नसताना उघडाव्यात. आतलं चित्र शंभर टक्के सोज्वळ निघतं, पण आपण कोणत्या आशेने खिडकी उचलली ते बघणाऱ्याला दिसतंच. परिसंवाद अभ्यंगस्नानानंतरच्या दुपारी आडवं होऊन वाचावा. त्याहून खात्रीचं झोपेचं औषध माझ्या माहितीत नाही.

फराळ कोणता घ्यावा, यावर मतभेद आहेत. चकली पानावर तेलाचा ठसा सोडते. अनारसा तर वाचकाचा शत्रूच. त्याची खसखस दोन पानांच्या मधल्या खाचेत जाऊन बसते, झटकली की आणखी खोल जाते आणि पुढच्या दिवाळीत भलत्याच कथेतून बाहेर पडते. शंकरपाळे उत्तम: कोरडे, एका घासाचे, न बघता उचलता येणारे. अंक वाचनालयाच्या योजनेतला असेल तर खाण्याची काळजी नको. त्यावर आधीच्या सभासदांची चकली उमटलेली असते, शब्दकोडं पेनने आणि चुकीचं सोडवलेलं असतं, आणि रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने ‘दिवाणजी’ असं लिहून ठेवलेलं असतं.

अंक मांडणं हीसुद्धा सजावटच. टीपॉयवर ते पंख्यासारखे पसरावेत. वर ‘मौज’ असावा, राशिभविष्य विशेषांक तळाशी. माळ्यावर दीनानाथ दलालांच्या चित्राचा ‘दीपावली’चा जुना अंक सापडला तर तो पाहुण्यांच्या नजरेच्या टप्प्यात ठेवावा, हाताच्या टप्प्यात नव्हे. कारण भाऊबीजेला मेहुणे येतात, चहा होईपर्यंत अंक चाळतात आणि उठताना म्हणतात, “हा नेतो हं, वाचून देतो.” याची तयारी आधीच हवी. परिसंवादाचा अंक सर्वात वर सरकवून ठेवावा आणि मेहुण्यांनी तो उचलताच थोडं कळवळावं. मग चिवड्याच्या डब्याबरोबर तो पिशवीत घालून द्यावा. डबा परत येईल, अंक येणार नाही, आणि दोन्हींबद्दल आपली तक्रार नसावी.