काकांची बाजू

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. आमच्या सोसायटीतले सी विंगचे काका ही म्हण काटेकोरपणे पाळतात. ते पायरी चढत नाहीत, फक्त तिच्या नावाने दम देतात. ‘मी कोर्टात बघून घेईन’ हे वाक्य त्यांनी आजवर केबलवाल्याला, वरच्या मजल्यावरच्या गळतीला, सोसायटीच्या तीन सेक्रेटऱ्यांना आणि एकदा हापूस म्हणून भलतंच काही दिलं म्हणून आंबेवाल्याला ऐकवलं आहे. प्रत्यक्षात कोर्टाच्या आवारात ते एकदाच गेले होते, तेही स्टॅम्पपेपर आणायला.

असे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. निवृत्त झालेले, पेन्शन वेळेवर, वेळ भरपूर, आणि कपाटात प्रत्येक तक्रारीची वेगळी फाइल. पैशाचं त्यांना फारसं काही नसतं. त्यांचं दुखणं वेगळंच असतं. आपण बरोबर होतो, हे आयुष्यात त्यांना कुणीही लेखी दिलेलं नसतं.

अशा माणसाच्या मोबाइलवर एका सकाळी ई-चलन आलं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, वेगमर्यादा १००, गाडीचा वेग ११८, दंड दोन हजार.

काकांना पहिल्यांदा वाटलं, की ही फसवणूक आहे. चलनाच्या नावाने लिंक पाठवून खातं साफ करणाऱ्या टोळ्यांबद्दल त्यांनीच सोसायटीच्या ग्रुपवर सतरा वेळा इशारा दिला होता. म्हणून त्यांनी लिंक दाबली नाही, नातवाकडून सरकारी संकेतस्थळ उघडून घेतलं. चलन खरं निघालं. फोटोतला नंबर त्यांच्याच गाडीचा होता. काकांनी चष्मा पुसून नंबरप्लेटचा एकेक आकडा आरसी बुकाशी ताडून पाहिला, आणि दुर्दैवाने सगळे जुळले.

“गाडी शंभरच्या आत होती,” ते संध्याकाळी बाकावर म्हणाले. “मी जातीने लक्ष ठेवून होतो. त्यांना माझी बाजू ऐकून घ्यावीच लागेल.”

“अहो, भरून टाका ना,” काकू मटार सोलता सोलता म्हणाल्या.

“प्रश्न दोन हजारांचा नाही!” काका कडाडले. दोन हजारांचा प्रश्न असला की माणूस नेमकं हेच म्हणतो. पण काकांच्या बाबतीत ते खरं होतं.

खरा सल कॅमेऱ्याचा होता. पूर्वी चौकात शिट्टी वाजायची, गाडी बाजूला घ्यावी लागायची आणि मग तासाभराचं एक नातं जुळायचं. “मामा, पिवळा होता.” “पिवळा नव्हता, लाल होता.” “लाल होता होता पिवळा होता.” मग लायसन्स, मग पीयूसी, मग गाव कोणतं, मग गावाकडचं कुणीतरी ओळखीचं निघायचं. शेवटी पावती फाडली तरी घरी येऊन ‘मी त्याला चांगलं सुनावलं’ असं सांगता यायचं. कॅमेरा गाव विचारत नाही. त्याला मामा म्हणता येत नाही. खांबावर बसून तो गुपचूप फोटो काढतो आणि आपण घरी पोचून विसरून गेल्यावर मेसेज पाठवतो. हुज्जत ही ज्यांची मूलभूत गरज आहे, त्यांच्यावर हा केवढा अन्याय! काकांना कोर्ट हवं होतं ते एवढ्यासाठीच. तिथे समोर हाडामांसाचा माणूस बसलेला असतो आणि, त्यांच्या समजुतीप्रमाणे, पूर्ण ऐकून घेणं हीच त्याची नोकरी असते.

दुसऱ्या दिवशी ‘चलन’ नावाची फाइल उघडली गेली. पहिलं पान कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३: अतिवेग, हलक्या वाहनाला हजार ते दोन हजार दंड. “म्हणजे हजाराचीही सोय होती,” काका म्हणाले, “पण मला थेट दोन!” दुसरं पान नियम १६७अ चं. हा नियम २०२१ साली आला. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं, कॅमेरा असल्याची पाटी आधी दिसायला हवी आणि नोटीस पंधरा दिवसांत पोचायला हवी. हे वाचून काकांचा चेहरा उजळला. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिवस मोजले. मेसेज नवव्या दिवशी आला होता. सोळाव्या दिवशी आला असता तर काय झालं असतं, यावर ते नंतर बरेच दिवस हळहळत होते. सरकारी काम वेळेवर झाल्याचं इतकं दुःख झालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मग माहितीचा अधिकार. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्जात सतरा प्रश्न. उत्तर तीस दिवसांच्या मुदतीत एकोणतिसाव्या दिवशी आलं. दोन रुपये पानाप्रमाणे चौदा पानांचे अठ्ठावीस रुपये भरून काकांनी यंत्राचं प्रमाणपत्र मिळवलं. प्रमाणपत्र चालू होतं. नूतनीकरणही झालेलं होतं. काकांनी ते फाइलला लावलं आणि वर पेन्सिलीने लिहिलं, ‘संशयास्पद नीटनेटके’.

भाच्याने, म्हणजे एका मोटारकंपनीतल्या इंजिनिअरने, मध्येच येऊन आणखी घोळ केला. काकांचा युक्तिवाद होता, की गाडीचा काटा १०० दाखवत होता, यंत्राचीच चूक आहे. भाचा म्हणाला, “मामा, गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच नये असा नियम असतो. दाखवला तर थोडा जास्तच दाखवतो. यंत्राने ११८ धरले असतील, तर काट्यावर त्याहून जास्तच दिसत असणार.” काकांनी हे पान फाइलला लावलं नाही.

हिशेब त्यांनी दोन्ही बाजूंनी मांडला होता, हे मात्र कबूल करायला हवं. एक्स्प्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. शंभरने गेलं तर सुमारे सत्तावन्न मिनिटं, ११८ने गेलं तर अठ्ठेचाळीस. पूर्ण रस्ता तसा कापला, तरी वाचणार नऊ मिनिटं. त्या दिवशी फूड मॉलवर बटाटेवड्याच्या रांगेत अर्धा तास गेला होता, हे आम्ही त्यांच्या लक्षात आणून दिलं. “म्हणजे मला घाई नव्हतीच, हेच सिद्ध होतं,” काका म्हणाले, आणि वड्याची पावती फाइलमध्ये गेली.

लोकअदालतीचाही पर्याय निघाला. बी विंगमधली एक तरुण वकील मुलगी म्हणाली, “काका, लोकअदालतीत तडजोड होते, बऱ्याचदा रक्कम कमी होते. पाच मिनिटांत मोकळे.”

“पाच मिनिटांत?” काकांचा आवाज खोल गेला. “आणि माझी बाजू?”

“ती तिथे कुणी फारशी विचारत नाही. शिवाय तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.”

अपील नसतं, हे ऐकून काकांनी पाणी मागितलं. ज्यांच्या लेखी निकाल म्हणजे फक्त पुढच्या पायरीचा रस्ता, त्यांना शेवटची पायरीच पहिली दाखवायची, हा केवढा क्रूरपणा.

“मग रीतसर लढायचं,” त्यांनी जाहीर केलं. “तारीख घ्यायची.”

“कॅमेरा खालापूर तालुक्यात आहे,” मुलगी म्हणाली. “बहुधा तिकडच्या कोर्टात जावं लागेल. दर तारखेला.”

“जाऊ की.”

“कशाने?”

“गाडीने.” काका थांबले. पुण्याहून खालापूरला गाडीने म्हणजे एक्स्प्रेसवेने, त्याच खांबांच्या खालून, दर तारखेला टोल भरून. एका चलनाची सुनावणी संपेपर्यंत आणखी चार चलनं. जुन्या रस्त्याने गेलं तर लोणावळ्यात शनिवार-रविवारची गर्दी, पण तारखा शनिवार-रविवारी नसतात, एवढी एक जमेची बाजू. काकांनी तीही लिहून घेतली.

“काका, एक सांगा,” मुलगी लॅपटॉप उघडत म्हणाली, “गाडी चालवत कोण होतं? चलन मालकाच्या नावे येतं. पण कलम १३३ प्रमाणे विचारलं, तर चालक कोण होता, ते मालकाने सांगावं लागतं.”

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. काकांनी उत्तरादाखल घसा साफ केला. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

“मूळ पुरावा तरी नीट पाहिलात का? हा फोटो?” तिने चलनातला फोटो पडद्यावर मोठा केला.

काकांनी महिनाभर नंबरप्लेट पाहिली होती. प्लेटच्या वर काच असते आणि काचेच्या आत माणसं असतात, हे त्यांना सुचलं नव्हतं. आता सगळ्यांनी पाहिलं. फोटो स्वच्छ होता. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून, पाठ ताठ, नजर समोर, ओठ मिटलेले, काकू बसल्या होत्या. शेजारच्या सीटवर पट्टा लावलेले, मान मागे टाकलेले, तोंड उघडं ठेवून काका झोपले होते. दोन बटाटेवडे आणि साबुदाणावड्यानंतरचं, काहीही लपवू न शकणारं तोंड.

“जातीने लक्ष ठेवून होते,” मी म्हणालो.

“हा फोटो कोर्टात दाखल होईल?” काकांनी हळूच विचारलं.

“हो ना. मुख्य पुरावाच हा.”

त्या रात्री पावणेबाराला दोन हजार भरले गेले. सकाळी बाकावर काका म्हणाले, की न्यायालयांवर आधीच खटल्यांचं ओझं फार आहे, सुजाण नागरिकाने त्यात भर घालू नये. ‘चलन’ फाइल दोरी बांधून कपाटात गेली.

मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे चहाला गेलो, तेव्हा फ्रिजवर चुंबकाखाली तो फोटो लावलेला दिसला. रंगीत प्रिंट.

“तीस वर्षं गाडी चालवतेय,” काकू म्हणाल्या, “पण चालवतानाचा माझा एकही फोटो नव्हता हो. दर वेळी हेच पुढे उभे राहायचे, बॉनेटवर हात ठेवून. सरकारने काढला तोच एक.”

फोटो फ्रिजच्या दाराला थोडा रुंद होत होता. काकूंची बाजू तेवढी दिसत होती. काकांची बाजू मागे दुमडली होती.