चित्राखालची लाल टिकली

मुंबईत सुट्टीच्या दिवशी कला बघायला निघण्यातली पहिली अडचण म्हणजे सुट्टी कलेलाही असते. कुलाबा-फोर्टमधल्या बहुतेक खासगी गॅलऱ्या रविवारी बंद, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद. म्हणून आम्ही नवरा-बायको निघालो ते शनिवारी, आणि उतरलो काळा घोडा इथे. ही जागाच मुळी आधुनिक कलेला शोभणारी. सातव्या एडवर्डचा काळाकुट्ट अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये इथून राणीच्या बागेत हलवला, आणि पुढची बावन्न वर्षं लोक नसलेल्या घोड्याच्या नावाने टॅक्सी थांबवत राहिले. २०१७ मध्ये नवा घोडा आला, तो राजाविनाच. टॅक्सीवाल्याला काहीच फरक पडला नाही.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे आणि आत जायला तिकीट नाही. शिवाय आत एसी. या शहरातले कितीतरी कलारसिक मे महिन्याच्या उकाड्याने घडवले असतील, असा माझा दाट संशय आहे.

खरी कसोटी आत असते. इथली प्रदर्शनं मंगळवार ते सोमवार, आठवडाभराची. त्या आठवड्यासाठी चित्रकार बिचारा वर्षानुवर्षं रांगेत थांबलेला असतो. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मोबाइल बघत असल्याचं दाखवतो, पण बघत असतो आपल्याला. दालन जवळजवळ रिकामं. अशा वेळी एका चित्रासमोर किती वेळ उभं राहायचं? लगेच पुढे सरकलो तर अपमान, रेंगाळलो तर तो उठून जवळ येणार. मी मान किंचित तिरकी करून, डोळे बारीक करून मागे-पुढे होण्याची पद्धत ठेवली आहे. पाठ दुखत असली तरी तेच दिसतं, पण चालून जातं.

आमचे हे सिव्हिल इंजिनियर. ते चित्राकडे न बघता चित्रामागच्या भिंतीला ओल आहे का ते बघत होते. चित्रकार आलाच. "कसं वाटलं?" मी 'अवकाश', 'पोत' असे शब्द जुळवेपर्यंत हे म्हणाले, "फ्रेम दणकट आहे." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण चित्रकाराचा चेहरा फुलला. फ्रेमची दखल घेणारा आठवड्यातला हा पहिलाच माणूस असावा. मग सागवान की प्लाय, यावर दोघांची अशी काही जमली की माझी सगळी चित्रं नीट बघून झाली. निघताना अभिप्रायाच्या वहीत 'अप्रतिम', 'मंत्रमुग्ध झालो' या रांगेखाली ह्यांनी लिहिलं, 'काम समाधानकारक आहे.' खाली सही आणि तारीख.

टेबलावर किमतींचा कागद होता. काही चित्रांखाली लाल टिकली होती. टिकली म्हणजे चित्र विकलं गेलं. बिनटिकलीच्या चित्रांचे आकडे वाचून हे आधी गप्प झाले आणि मग हिशेबाला लागले. चित्रकार हुसेन याच मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवत. त्यांचं 'ग्रामयात्रा' १९५४ मध्ये एका डॉक्टरांनी १४०० रुपयांना घेतलं, ते पुढे ऑस्लोच्या इस्पितळात लागलं आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटींना गेलं. "आपल्या बाबांनी चोपन्न साली काय घेतलं?" ह्यांनी विचारलं. सासऱ्यांनी सायकल घेतली होती.

पण गंमत खरी दाराबाहेर. जहांगीरच्या फुटपाथवरही चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात. आत लाखाच्या आकड्यासमोर ज्या बाई नुसतं "हंऽ" म्हणाल्या होत्या, त्याच बाहेर येऊन जलरंगातल्या पावसाला म्हणत होत्या, "दोन हजार? एवढ्याशा चित्राला? बाराशे घ्या." ऊन, धूळ आणि कावळे सोसून केलेलं काम स्वस्त, आणि एसीतलं मात्र अनमोल!

तिथून आम्ही एका हस्तकलेच्या दुकानात शिरलो. वारली चित्रं मुळात सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढायची, लग्नाचा चौक सवाशिणींनी लिहायचा. जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागद-कॅनव्हासवर आणली आणि जगभर नेली. त्यांना पद्मश्री मिळाली. दुकानदाराने ही चित्रं पुढे कोस्टरवर आणली होती. तारप्याचा नाच गोल, कोस्टरही गोल, म्हणजे कपाचं बूड थेट मधोमध तारपा वाजवणाऱ्याच्या डोक्यावर. सोबत चिठ्ठी: 'ही वस्तू हाताने बनवली आहे. तिच्यातील लहानसहान दोष हेच तिचे सौंदर्य.' ही चिठ्ठी ह्यांनी तीनदा वाचली. "आमच्या साइटवर कंत्राटदाराने असं लिहून दिलं असतं, तर?"

त्या दुकानात भाव करायची एकाही बाईची छाती होत नव्हती. अगरबत्तीचा वास, मंद सतार आणि खादीतली मुलगी. तिथे "काही कमी करा" म्हणणं देवळात चपला घालून जाण्यासारखं. तिथून चार पावलांवर कुलाबा कॉजवेला त्याच बायका कोल्हापुरी चपलेच्या जोडासाठी जिवाच्या आकांताने भांडत होत्या.

तेव्हा मंडळी, शनिवारी जा, सकाळी अकरानंतर जा, आणि फुटपाथवरच्या चित्रकाराशी घासाघीस करू नका. करायचीच असेल, तर आधी आत एसीत करून दाखवा.