अस्सलराव

अस्सलराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांना खुपते. कुंदा ते बेळगावला जाऊन खातात, पैठणी येवल्याला जाऊन घेतात आणि आंबा देवगडचा की कर्नाटकातला, हे पेटीतला पेंढा हुंगून सांगतात. (सांगतात ते बरोबर असतं का, हे आजवर फक्त आंब्याला ठाऊक.) पॅरिस त्यांनी दोन दिवसांत 'टुरिस्टांचं गाव' म्हणून निकालात काढलं. आपण स्वतः टुरिस्ट व्हिसावर आलो आहोत, ही बाब ते केवळ कागदोपत्री मानतात.

"खरा फ्रान्स खेड्यात!" असं जाहीर झालं आणि जूनमधल्या एका शनिवारी त्यांच्या भाच्याच्या गाडीतून ते, वहिनी आणि मी बोर्दोहून सार्लाच्या बाजाराला निघालो. दोर्दोन्य नदीच्या मुलखातलं हे गाव. पिवळसर दगडाची घरं, उभ्या छपरांची, आणि शनिवारी गल्लोगल्ली मांडलेला बाजार. अक्रोड, अक्रोडाचं तेल, स्ट्रॉबेरी, बकरीच्या दुधाच्या चीजच्या इवल्या चकत्या, बदकाच्या मांसाचे डबे. माझी नजर चकत्यांवर, अस्सलरावांची विक्रेत्यांच्या नखांवर.

"नखांत माती असेल तर शेतकरी, नाहीतर दलाल," ते कानात म्हणाले. चीज विकणाऱ्या बाईंचे हात स्वच्छ होते, म्हणून बाई बाद झाल्या. बकऱ्या घरच्याच आहेत, असं त्या बिचाऱ्या फोटो दाखवून सांगत होत्या. पलीकडच्या गृहस्थाची नखं मात्र काळीकुट्ट. अस्सलरावांनी तिथं अर्धा किलो ऑलिव्ह घेतले. भाच्यानं चौकशी केली तेव्हा कळलं, ऑलिव्ह स्पेनचे आणि काळं ग्रीसचं. त्या गृहस्थाची गाडी सकाळी वाटेत बंद पडली होती.

मग ट्रफल. जमिनीखाली वाढणारी ही महागडी अळंबी या भागाची शान, पण काळी नामांकित जात हिवाळ्यातली. जूनमध्ये निघते ती उन्हाळी, वासाला कमी आणि किमतीलाही कमी. विक्रेत्यानं हे आपणहून सांगितलं, त्यामुळे अस्सलरावांना जास्तच संशय आला. स्वतःच्या मालाला नावं ठेवणारा दुकानदार त्यांनी पुण्यातसुद्धा पाहिला नव्हता.

"निदान चर्च तरी जुनं असेल," म्हणून सेंत-मारीत शिरलो, तर आत भाजीबाजार! जाँ नुवेल या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराचं बालपण याच गावात गेलं. या चर्चचा बंदिस्त बाजार करताना त्यानं पुढं प्रचंड पोलादी दरवाजे लावले. देवळात कांदे विकायला बसवून वर ते अभिमानानं दाखवायचे, याला छाती लागते. भाच्यानं आणखी भर घातली. "मामा, हे गावही डागडुजी केलेलंच. सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी जुन्या वस्त्या वाचवायला 1962 साली कायदा आणला, त्यात सुरुवातीलाच सार्लाचा नंबर लागला." त्यानंतर अस्सलराव गावाकडे कल्हई केलेल्या भांड्याकडे बघावं तसे बघू लागले.

जेवायला बदकाचं काळीज होतं. अस्सलराव शाकाहारी, त्यामुळे तेवढा अस्सलपणा सगळा माझ्या वाट्याला आला.

दुपारी नदीकाठचे दोन किल्ले झाले. शंभर वर्षांच्या युद्धात बेनाक फ्रेंचांकडे, समोरचा कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे. कास्तेलनोवर दगडफेकीची मोठमोठी यंत्रं आहेत, तीही नव्यानं बांधलेली. अस्सलराव काही बोलले नाहीत. त्यांची सगळी भिस्त आता लास्कोवर होती.

लास्कोची गुहा 1940 साली चार पोरांना सापडली. भिंतींवर हजारो वर्षांपूर्वीचे बैल, घोडे, हरणं. महायुद्धानंतर लोकांची रीघ लागली, माणसांच्या श्वासानं आणि दिव्यांनी भिंतींवर शेवाळ धरलं आणि 1963 साली याच मालरोंनी गुहेला कुलूप ठोकलं. पुढं 1983 मध्ये जवळच एक प्रतिकृती उघडली आणि 2016 मध्ये डोंगराच्या पायथ्याशी दुसरी, आणखी मोठी. आम्ही बघणार होतो ती हीच.

हे अस्सलरावांना कोण सांगणार? वहिनींनी तिकिटं पर्समध्ये ठेवली आणि आमच्याकडे बघून डोळे मिचकावले.

आत अंधार, गारवा. डोक्यावरून एक अजस्र बैल धावत गेला. अस्सलराव जागच्या जागी थबकले. मग खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि वळून आम्हाला दटावलं, "श्वास हळू घ्या! चित्रं खराब होतील."

वहिनींना राहवेना. "अहो, ही नक्कल आहे. तुम्ही शिंकलात तरी चालेल."

रुमालामागे बराच वेळ काही हललं नाही. मग आवाज आला, "माहीत आहे मला. उद्या खऱ्या गुहेत बोलावलं, तर सराव नको?"