ढगातल्या तिजोरीच्या मालकांस

सा. न. वि. वि.

आपलं अ‍ॅप आमच्या संगणकावर बसायला तयार नाही, याबद्दल प्रथम आपलं अभिनंदन. ज्या तिजोरीत खातेदारालाच शिरता येत नाही, तिथे चोराची काय बिशाद!

‘क्षमस्व, काहीतरी चुकलं’ हा आपला निरोप मिळाला. काय चुकलं, कुणाचं चुकलं, हे सांगून आपण कुणाचं मन दुखावत नाही, ही आपली सभ्यता. आपलं मदतीचं पान म्हणतं, ‘अ‍ॅप काढून टाका आणि पुन्हा बसवा.’ जे बसलंच नाही ते काढायचं कुठून? पुढे कळलं, की अर्धवट बसलेल्या अ‍ॅपचे अवशेष ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या फोल्डरात उरतात आणि विंडोज ते फोल्डर मुळातच लपवून ठेवतं. छान! लपंडाव आम्हालाही आवडतो.

खरं दुखणं दुरुस्तीवाल्या पोराने दोन मिनिटांत काढलं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपला होता. तो संपला की वीज बंद होताच संगणक तारीख विसरतो आणि पुन्हा चालू झाल्यावर कित्येक वर्षं मागे जाऊन बसतो. आपल्या सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच ग्राह्य असतं. आमच्या संगणकाच्या लेखी ते अजून जन्मालाच आलेलं नव्हतं, म्हणून त्याने जोडणी नाकारली. आपला इन्स्टॉलर तर नावापुरताच. खरा माल तो नेटवरूनच ओढणार. म्हणजे तिथेच सगळं अडलं.

आता गंमत बघा. याच घोळात क्रोम ब्राउझर सरळ सांगतो, की बाबा, तुझं घड्याळ मागे आहे. प्रमाणपत्र का नाकारलं, याचं कारण संगणकाला ठाऊक असतं; विचारलं की तो सांगतो. आपल्यालाच विचारायचा संकोच का वाटावा? डिस्क भरली असेल, अ‍ॅडमिनची परवानगी नसेल, विंडोज ७ असेल (त्याची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबवली), सगळ्या रोगांवर आपला एकच उच्चार: ‘काहीतरी’.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक खातेदार

ता. क. नवा सेल घातला, तारीख लावली, अ‍ॅप सुरू झालं. लगेच आपली सूचना आली: मोफत जागेपैकी किती टक्के भरली, किती उरली, महिन्याला किती रुपये भरावे लागतील आणि ते कुठे भरायचे. शुद्ध मराठीत, दशांश चिन्हासकट.