भरवशाचा स्टॉपर

इंग्लंडात प्रीमियर लीगच्या खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू मिळून ७२ क्लब आहेत. त्यांतल्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर प्रत्येक क्लबात एक गृहस्थ हमखास सापडतो: उंची सहा फुटांच्या वर, नाक किमान एकदा मोडलेलं, भुवईवर टाके, आणि आवाज असा की ग्रिम्स्बीत ओरडला तर समुद्रापलीकडे डेन्मार्कातली बचावफळी चार पावलं पुढे सरकावी. हा स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा खेळाडू. बड्या क्लबाच्या अकादमीनं त्याला अठराव्या वर्षी ‘उंची उत्तम, पण...’ असं म्हणून सोडलेलं असतं. त्या ‘पण’पुढे लोक स्वतःच ‘जमलं नाही’ जोडून टाकतात. मला हे पटत नाही. या खेळात त्याच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा नाही. अडचण एवढीच की त्याचं काम फत्ते झालं म्हणजे काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची क्षणचित्रं दाखवता येत नाहीत.

हंगाम ४६ सामन्यांचा. मंगळवारच्या रात्री, पावसात, समोर आदेबायो अकिनफेन्वासारखा शंभर किलोंच्या वरचा सेंटर फॉरवर्ड. २०२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो बहुतेक काळ याच मैदानांवर वावरला, आणि त्याला मार्क करायला फुटबॉलपेक्षा कपाटं हलवण्याचा अनुभव अधिक उपयोगी पडत असावा. या दोन लीगमध्ये व्हीएआर नाही, त्यामुळे कॉर्नरच्या वेळी शर्ट धरण्याची जुनी हस्तकला तिथे अजून तग धरून आहे. कार्डांचा हिशेब स्टॉपरला तोंडपाठ असतो. पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी झाली की एका सामन्याची बंदी. म्हणून चौथ्यानंतर त्याच्या वागण्यात एकाएकी सौजन्य येतं आणि रेफरीच्या बायकामुलांची चौकशी सुरू होते. इतकं करून नाव कोणाचं होतं? स्टॉपर नसला तरी बचावफळीतलाच, स्विंडन टाउनचा लेफ्ट बॅक जॉन ट्रॉलप १९६० ते १९८० या काळात एकाच क्लबासाठी लीगचे ७७० सामने खेळला. १९६९ साली तिसऱ्या डिव्हिजनमधल्या स्विंडननं वेम्ब्लीच्या चिखलात आर्सेनलला ३-१ हरवून लीग कप जिंकला, तेव्हाही तो संघात होता. आठवणी निघतात त्या डॉन रॉजर्सच्या दोन गोलांच्या. जाणकार फार तर गोलकीपरची पाठ थोपटतात.

हा प्राणी आता कालबाह्य झाला, असा एक आक्षेप आहे. २०१९ मध्ये नियम बदलला, गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या आतच घ्यायची मुभा मिळाली, आणि मॅनेजर मंडळींनी मागून पास जोडत खेळायचा हुकूम काढला. तो बिचारा हुकूम पाळतो. स्वतःच्या गोलसमोर चेंडू पायाशी घेऊन तो उभा राहिला की चार हजार लोकांचा श्वास अडकतो आणि मग एकमुखानं सल्ला येतो: उडव! चेंडू गॅलरीत जातो, टाळ्या पडतात. (पास कुठेच पोचला नाही म्हणून टाळ्या मिळाव्यात, हे भाग्य मिडफिल्डरला नाही.) शिवाय हुकूम काढणाऱ्या मॅनेजरची नोव्हेंबरात उचलबांगडी होते, स्टॉपर असतो तिथेच.

दुसरा आक्षेप जड आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासात, स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाचे आजार सर्वसामान्यांपेक्षा बरेच जास्त आढळले, आणि त्यांतही बचावपटूंमध्ये सर्वाधिक. मग अशा नोकरीचं कौतुक कसलं? नोकरीचं मुळीच नाही. २०२१ पासून इंग्लंडात सरावातले जोरकस हेडर आठवड्याला दहावर ठेवायची शिफारस आहे; शनिवारच्या सामन्यात मात्र कोणी मोजत नाही. यावर विनोद सुचत नाही. पण ज्याचं कामच कोणाच्या नजरेत भरत नाही, त्याची झीज दिसायला इतकी वर्षं लागली यात नवल नाही.

तब्येतीचा भरवसा नाही, आणि नोकरीचा तर त्याहून कमी. करार एक-दोन वर्षांचा, संपतो ३० जूनला; मे महिन्यात ठेवलेल्यांची आणि सोडलेल्यांची यादी लागते आणि बिऱ्हाड एक्सेटरहून कार्लाइलला निघतं. पस्तिशीत तो निवृत्ती जाहीर करतो. मग फेब्रुवारीत कुठल्यातरी क्लबाचे दोन स्टॉपर एकाच आठवड्यात जायबंदी होतात आणि फोन येतो. गुडघा कसा आहे, हे विचारायचं पलीकडचा मुद्दाम टाळतो. तो फक्त विचारतो, बूट टाकून तर दिले नाहीस ना? आणि टाकलेले नसतातच.